न घासलेलं पातेलं

ज्योत्स्नाबाई सूर्यचुलीच्या काचेवरची धूळ पुसत होत्या, तेवढ्यात पिंपळीच्या शाळेच्या फाटकातून गोजरबाई तरातरा आत आली. एका हातात लेकीचं मनगट, दुसऱ्या हातात काळंकुट्ट बसकं पातेलं.

"पोरींनी भांडी घासायची न्हाईत, असं शिकवता व्हय तुमी?"

तिची लेक, चौथीतली म्हाळसा, मान खाली घालून उभी राहिली. महिन्यापूर्वी याच अंगणात ज्योत्स्नाबाईंनी सांगितलं होतं, की काळं भांडं ऊन ओढून घेतं आणि चकचकीत भांडं ते परतवून लावतं. म्हाळसाने त्या दिवसापासून भांडी बाहेरून घासणंच सोडलं होतं.

"काल सोयऱ्यांम्होरं आब्रू गेली माजी. म्हनाले, गोजरे, घरात राख न्हाय का?"

ज्योत्स्नाबाईंना आधी हसू आलं, मग नुसतं खाली बसावंसं वाटलं. नऊ वर्षं एका संस्थेतर्फे सूर्यचूल दाखवत त्यांनी बारामती-इंदापूरच्या शाळा पालथ्या घातल्या होत्या. पोरं खिचडी खायची, टाळ्या वाजवायची आणि विसरून जायची. इथं महिनाभर वापरायला ठेवलेल्या सूर्यचुलीच्या पेटीत तर गुरुजींनी चक्क नकाशे ठेवले होते. कंटाळून त्यांनी वालचंदनगरला कारकुनाची नोकरी पत्करली होती. उद्या सकाळी तिथं हजर व्हायचं होतं. आज ही पेटी टेम्पोत घालून संस्थेच्या ऑफिसात जमा केली, की सुटल्या.

"सांगून टाका तिला, घासायची म्हणून," गुरुजी हळूच म्हणाले.

"म्हाळसा, भांडी घासावीत गं."

म्हाळसाने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"मग बाई, तुमी खोटं सांगितलं व्हतं?"

ज्योत्स्नाबाईंना ते फार लागलं. हातातलं फडकं त्यांनी बाजूला ठेवलं.

"गोजरबाई, घरात तूरडाळ आहे?"

म्हाळसा पळत जाऊन डाळ घेऊन आली. त्याच पातेल्यात डाळ-पाणी घालून, वर झाकण ठेवून बाईंनी पेटीतले नकाशे बाहेर काढले आणि पातेलं आत सरकवलं.

"दोन तास तरी लागतील."

"मला कांदा खुरपायला जायचंय. हितं बसून कसं चालंल?"

"जा तुम्ही. मी आहे."

टेम्पो आला, हॉर्न वाजवत राहिला. शिजतंय अजून, असं सांगून बाईंनी तो परत पाठवला. मधल्या सुट्टीत म्हाळसाने न सांगता पेटी उन्हाकडे वळवून ठेवली.

गोजरबाई परतली ती खुरपं कमरेला खोचूनच. तिने डाळीचा दाणा बोटांत चिरडला. खात्री पटेना, म्हणून आणखी एक चिरडला.

"शिजलीय," ती तक्रार केल्यासारखी म्हणाली.

"आतून घासा. बाहेरून राहू द्या."

"आन पुन्हा सोयरं आलं म्हंजी?"

"त्यांना डाळ वाढा."

गोजरबाई हसली नाही. पदरात पातेलं धरून ती निघाली, पण फाटकापाशी थांबली.

"बाई, उद्यासाठी हरभरा भिजत घालू का?"

उद्या म्हणजे वालचंदनगर. नवं टेबल, वर पंखा. ज्योत्स्नाबाईंचे पाय दुखत होते, डोळे उन्हाने चुरचुरत होते.

"घाला," त्या म्हणाल्या आणि त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

मग त्या वर्गाकडे वळल्या.

"गुरुजी, ते नकाशे आता दुसरीकडं ठेवा."