एलीशाच्या बुटांतली वाळू

ज्यू पंचांगातल्या आव महिन्याची नववी तारीख. देवाचं मंदिर जळालं तो दिवस. सगळं जेरुसलेम काल संध्याकाळपासून उपाशी, तहानलेलं, जमिनीवर बसलेलं. दुपार कलली तशा गल्लीतल्या बायका उठल्या आणि त्यांनी झाडू घेतले. तारणहार याच दिवशी जन्मणार, असं त्यांच्या आज्या सांगत आल्या होत्या. तो आला आणि दारात कचरा दिसला तर?

एस्त्रेया उठली नाही. तिचा मुलगा एलीशा गेल्या ऑक्टोबरच्या लढाईत वाळवंटातल्या कालव्यावर मारला गेला होता. शेवटच्या सुट्टीत तो बुटांसकट खाटेवर आडवा झाला होता. त्या बुटांतून सांडलेली वाळू अजून खाटेखाली होती. नऊ महिने तिने त्या खोलीत झाडू शिरू दिला नव्हता.

शेजारची आंधळी लूनामावशी आपला झाडू आपटत आत आली.

"ऊठ ग. किती बसशील?"

"एकोणीसशे वर्षं झाडताय. आला का कोणी?"

"नाही आला."

"मग?"

"मग तुझं घर आपोआप झाडलं जाणार आहे का?"

म्हातारी चाचपडत झाडू लागली. आतल्या खोलीत खाटेपाशी तिचा हात थांबला. "ही धूळ नाही. वाळू आहे."

"त्याची आहे. हात लावू नकोस, मावशी."

नऊ महिने येईल तो एस्त्रेयाला शौर्याचे डोस पाजून, कॉफी पिऊन गेला होता. लूनाने तसलं काही केलं नाही. ती भिंतीला टेकली.

"अठ्ठेचाळीसच्या लढाईत जुन्या शहरातलं घर गेलं. त्या वर्षी या दिवशी आम्ही एका शाळेच्या वर्गात, अकरा कुटुंबं. आईने कुठून तरी झाडू मागून आणला नि वर्ग झाडायला लागली. म्हटलं, आई, ही जागा आपली नाही. म्हणाली, जो येणार त्याची तर आहे."

बाहेर सगळी गल्ली खरखरत होती. घशाला कोरड पडलेल्या बायका भरलेल्या बादल्या उचलून पायऱ्या धूत होत्या. थेंबही कोणी ओठाला लावत नव्हतं. या बायकांना ती आजवर मूर्ख म्हणत आली होती. आता ती उठली. हरलेली माणसं अशी घरं धूत नाहीत.

तिने म्हातारीच्या हातातला झाडू घेतला. खाटेखाली वाकली. ओंजळभर वाळू ढकलत ढकलत तिने उंबऱ्यापर्यंत आणली. उन्हात ती चमकली. लूना बादली घेऊन मागे उभी होती.

"ओतू?"

"थांब."

एस्त्रेयाने गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. खरोखरच कोणी येतंय का, म्हणून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दे इकडे बादली," ती म्हणाली. "तुला दिसत नाही, अर्धी वाळू मागे ठेवशील."

आणि तिने स्वतःच्या हाताने पाणी ओतलं.