अर्धाच तास

"काकू, खरं सांगा. सरावाचे रोज दोन तास होतात का?"

गिटारच्या वर्गात सर दर शनिवारी हा प्रश्न सगळ्यांना विचारायचे, हजेरी घेतल्यासारखा. गोल मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येकाच्या मांडीवर गिटार, आणि एकेक जण मान हलवून सांगायचा, होतात सर. माझ्या शेजारी दातांचे डॉक्टर बसायचे. त्यांच्या दवाखान्यात दिवसभर रांग हटत नाही, त्यांचे दोन तास कुठून येत असतील ते तेच जाणोत. पण तेही "होतात की" म्हणायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे.

"अर्धा तास होतो, सर," मी म्हटलं.

"अर्ध्या तासाला सराव नाही म्हणत, काकू. तेवढा वेळ गिटार पुसून ठेवण्यातच जातो."

सगळे हसले. मीही हसले, कारण विनोद बरा होता.

"तुम्ही पण म्हणून टाका ना, होतात म्हणून," डॉक्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

कोण बघायला येतंय, हा प्रश्न मला आयुष्यात कधी नीट कळलेला नाही. मी गिटारचे कान पिळत बसले.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन शिवत नाही. चेन बदलायची, कंबर सैल करायची, थोरल्याची पँट धाकट्याला बसवायची, असली कामं. सरांचा वर्ग बरोबर माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर. कितीतरी वर्षं ते तुणतुण तुणतुण छतातून झिरपत खाली येत होतं आणि मी त्याच्या ठेक्यावर मशीन चालवत होते. मग एक दिवस कात्री ठेवली आणि जिना चढले. सरांना वाटलं मी आवाजाची तक्रार करायला आले. खुर्ची पुढे करून म्हणाले, "सॉरी काकू, खिडकी लावून घेतो." मी म्हटलं, "खिडकी राहू द्या. मला शिकवाल का?"

वर्गाचा वर्षातून एक कार्यक्रम असतो, वाचनालयाच्या सभागृहात. त्यात काही जण एकटे वाजवतात. बाकीचे शेवटी घोळक्याने बसून एकत्र एक गाणं वाजवतात. घोळक्यात कुणाचं चुकलं, कुणाचं बरोबर आलं, काही कळत नाही. तशी ती सोयच असते म्हणा.

मला एकटीने वाजवायचं होतं. सरांनी थंडीत शिकवलेली एक संथ धून होती, तीच. माझा आवाज लहानपणापासून बारीक. शाळेत प्रार्थनेला मी तोंड हलवते पण गात नाही म्हणून बाईंनी मला बाहेर उभं केलं होतं. मी गात होते. घरात चार माणसं बोलत असली की माझं वाक्य मधेच कुठेतरी विरून जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याचं मला फारसं दुःख नाही. पण एकदा, एकदाच, मी काढलेला सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत लोकांनी गप्प बसून ऐकावा, दुसरा कुठलाही आवाज त्यात नसावा, एवढी माझी इच्छा होती. ती मी सरांना सांगितली.

"एकट्याने वाजवणारे दोन तासवाले असतात, काकू. माझा नियम आहे. मी तुमच्यासाठी मोडला तर इतरांना काय तोंड दाखवू?" मग जरा मऊ होऊन म्हणाले, "माझ्या गुरूंनी तर मला बोटातून रक्त आलं तरी उठू दिलं नव्हतं. मी तेवढं तरी करत नाही."

"नाही करत, हे बरं करता," मी म्हटलं.

त्यांनी वही मिटली.

दोन तास आणायचे कुठून, यावर घरात चर्चा झाली. म्हणजे माझी नणंद आली होती, त्यामुळे ती होणारच होती. माझी सून नर्स आहे, रात्रपाळी करून येते आणि दिवसा झोपते, तेव्हा घरात चमचासुद्धा वाजवायचा नाही. ती संध्याकाळी कामावर निघाली की माझा स्वयंपाक सुरू होईपर्यंतचा वेळ, तोच माझा अर्धा तास.

"वहिनी, पहाटे तुम्ही तासभर गप्प बसता ना, जप करत?" नणंदबाई म्हणाल्या. "त्यातच वाजवा की. देवालाही तेवढाच बदल."

"वन्स, तो तास माझा नाही."

"मग कुणाचा?"

"देऊन टाकलाय मी तो. दिलेलं परत मागत नाहीत."

"बरं बाई. मग ते गिटार सोडा. या वयात बोटं मोडून घ्यायची हौस कशाला? बघ रे दादा, तुझ्या बायकोला समजव."

'हे' पेन्सिल घेऊन शब्दकोडं सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "लग्न झाल्यापासून प्रयत्न चालू आहेत."

"सोडणार नाही," मी म्हटलं. "तेही नाही आणि हेही नाही."

"मग जमायचं कसं?"

"ते मला माहीत नाही, वन्स. पण सोडणार नाही."

मी आवाज चढवला असता तर नणंदबाईंना पुढे भांडता आलं असतं. मी चढवला नाही, म्हणून त्यांनी चहाचा कप बशीवर जरा जोरात ठेवला.

त्या गेल्यावर मी माझ्या वेळेला गिटार घेऊन बसले. माझी रीत ठरलेली होती. जपाला बसलं आणि मन भरकटलं की मी पुन्हा पहिल्या मण्यावर येते. मला हे कुणी शिकवलेलं नाही, माझाच नेम आहे. गिटारलाही मी नकळत तोच लावला होता. बोट चुकलं की थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. चूक तशीच पोटात घालून पुढे जाणं मला अप्रामाणिक वाटायचं. धुनेच्या मध्यावर एक कॉर्ड आहे, तिथे तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. तिथे माझं हमखास अडायचं. अडलं की पहिल्यापासून. त्या दिवशीही तेच चाललं होतं.

"अगं," आतून यांचा आवाज आला, "या गाण्याला उत्तरार्ध आहे का?"

"आहे की."

"मग तो वाजवतं कोण? सुरुवात मला आता शिट्टीवर येते. पुढचा भाग काही आपल्या घरी आलेला नाही अजून. पत्ता चुकला की काय त्याचा?"

माझा असा संताप झाला! मी गिटार भिंतीला टेकवलं आणि त्या दिवशीच्या सगळ्या पोळ्या एकदम जाड लाटल्या. ह्यांनी मुकाट्याने खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई नवऱ्याचा कोट घेऊन आल्या. उजवी बाही खांद्यापाशी गोळा झाली होती. मी खांद्याची शिवण तेवढी उसवली, बाही सैल करून फिरवली, टाचण्या लावल्या. टाचण्या ओठात असताना एकदम माझा हात थांबला. बाही बिघडली म्हणून मी काही कोट कॉलरपासून उसवत नाही! तसं कुणी केलं तर मी तिला दुकानात उभी करणार नाही. आणि घरी जाऊन मी रोज काय करत होते? चांगली कॉलर पुन्हा पुन्हा शिवत होते. बाहीला हात लागेपर्यंत सुनेच्या जाण्यापासून स्वयंपाकापर्यंतचा सगळा वेळ संपलेला असायचा. सुरुवात इतकी गुळगुळीत झाली होती की तिच्यात माझं मनही नसायचं. शेवट मात्र तसाच कोरा.

त्या संध्याकाळी मी धुनेची शेवटची ओळ उघडली. मधूनच सुरू करायचं म्हणजे मला हातपाय न धुता देवापुढे बसल्यासारखं वाटलं. आणि काय सांगू, ती ओळ मला येतच नव्हती. इतके महिने मी ज्या धुनेला माझी म्हणत होते, तिचा शेवट मला परक्या गावासारखा होता. मग मी शेवटचे दोनच सूर घेतले. इतके सावकाश, की चुकायला जागाच उरू नये. ते बसले तेव्हा त्यांच्या आधीचा एक जोडला. चुकलं तर आणखी सावकाश. पहिल्यापासून मात्र नाही. हात आपोआप सुरुवातीकडे पळायचा, सवयीचं जनावर गोठ्याकडे पळतं तसा. मी त्याला वळवून आणायचे.

वेळ संपला की गिटार ठेवायचे, मग हाताला कितीही गोडी लागलेली असो. दुसऱ्या दिवशी दुकानात हातशिलाई करताना डावी बोटं आपोआप कापडावर त्या जागा दाबायची, आणि संध्याकाळी बसले की काल न जमलेलं जमून जायचं. तारा सोडून दिल्यावरही आत काहीतरी चाललेलं असतं. पहाटे जपाला बसताना मनात आलं, हे उलटं, मधूनच, नेम मोडून वाजवणं चालेल ना? देवाने काही हरकत घेतली नाही. निदान मला तरी ऐकू आली नाही.

शेवटाकडून मागे मागे येत मी त्या आडव्या बोटाच्या कॉर्डपाशी पोचले, ती थोडीफार वठणीवर आणली, आणि एका शनिवारी वर्ग सुटल्यावर सरांसमोर बसले.

"सर, कुठूनही सुरू करायला सांगा."

"म्हणजे?"

"धून. तुम्ही म्हणाल त्या जागेपासून वाजवते."

त्यांनी कुतूहलाने वहीत बोट ठेवलं. वाजवलं. दुसरीकडे ठेवलं. तेही वाजवलं. त्यांनी स्वतःचं गिटार उचललं, तीच जागा वाजवून पाहिली, मग गिटार खाली ठेवलं.

"किती तास केलंत?"

"अर्धाच."

"काकू, मग मी इथे काय सांगत बसलोय इतकी वर्षं?" त्यांचा चेहरा लाल झाला. "नाही. नियम तो नियम. तुमचं नाव मी एकट्यांमध्ये पुकारणार नाही. घोळक्यात बसा."

"नका पुकारू," मी म्हटलं. "पण मी वाजवणार आहे."

"कधी?"

"ते तुमच्या कार्यक्रमात कुठे बसतं ते बघते."

त्यांना वाटलं मी रागाने बोलले. मी रागात नव्हते. रागात असते तर जिना उतरताना थरथरले असते.

कार्यक्रमाला सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. एकट्यांची वादनं झाली. डॉक्टरांचंही झालं, ते तीनदा अडकले आणि तिन्ही वेळा घसा खाकरून पुढे गेले, जणू घशाचाच दोष. मग आमचा घोळका बसला. आमचं गाणं झालं, टाळ्या झाल्या, सरांनी आभार मानले. माणसं उठू लागली, पर्सांच्या चेन वाजल्या, कुणाचं तरी मूल रडायला लागलं. मंचावरचे सगळे गिटारं पिशवीत घालू लागले.

मी माझ्या कडेच्या खुर्चीवरून उठले नाही.

"काकू, चला," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे."

सर खुर्च्या गोळा करत माझ्यापर्यंत आले. त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मी वर पाहिलं. मला वाटतं मी खूप हळू बोलले, पण त्यांनी ऐकलं: "सर, ही खुर्ची मी देणार नाही."

आणि सुरू केलं.

पहिल्या ओळी गोंगाटातच गेल्या. त्या कुणी ऐकल्या नाहीत, मला चाललं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या त्या पुन्हा बसल्या. त्यांना बसलेलं बघून मागचे दोघे थांबले. मध्यावर ती कॉर्ड आली. तर्जनी टाकली, आणि एक तार फरफरली. सगळ्यांना ऐकू जाईल इतकी. क्षणभर हाताने मागे ओढ घेतली, पहिल्या मण्याकडे. मी नाही ऐकलं त्याचं. फरफरलेली तार तशीच फरफरू दिली आणि पुढे गेले. पुढे तर माझाच रस्ता होता. इतर लोक गाण्यात जसजसे आत जातात तसतसे अनोळखी गल्ल्यांत शिरतात. मी मात्र घराजवळ येत चालले होते, एकेक दार ओळखीचं होत होतं. सभागृहात आता खुर्ची सरकल्याचाही आवाज नव्हता. शेवटचे दोन सूर मी अगदी सावकाश घेतले. तार थांबेपर्यंत हात तसाच ठेवला.

टाळ्या आल्या, पण त्या जरा उशिरा. त्याआधी जी थोडी शांतता गेली ती मी पुरती ऐकली.

सर अजून माझ्या मागेच उभे होते, हात खुर्चीच्या पाठीवरच.

"ती मधली कॉर्ड कच्ची आहे," ते म्हणाले.

"आहे."

"दोन तास केले असते तर नसती राहिली."

"राहिली असती, सर. मी कॉलरच शिवत बसले असते." त्यांना ते कळलं नाही. मी गिटार पिशवीत घातलं, चेन लावली आणि उठले. "उद्या संध्याकाळी फक्त त्या कॉर्डवर बसणार आहे. अर्धा तास. आणि पुढच्या वर्षी नाव पुकारा किंवा नका पुकारू, मी मधोमधची खुर्ची घेणार आहे, कडेची नाही."

"हे माझ्या वर्गात चालणार नाही, काकू."

"शनिवारी येते," मी म्हटलं, आणि खुर्ची त्यांच्या हातात दिली.