चाकावरचा शेंदूर

छकुली पाच महिन्यांची आहे आणि पाच महिन्यांत मी सलग तीन तास झोपलेली नाही. सबब म्हणून नाही सांगत. त्या सकाळी मी कशी होते, ते कळावं म्हणून.

खंडेनवमीला आमच्या हवाईपट्टीवर अवजारांची पूजा असते. पाने, जॅक, आणि पोरं शिकतात ते दोन सीटचं छोटं विमान. त्याची देखभाल माझ्याकडे. निघताना सासूबाईंनी तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी हातात दिली.

"विमानाच्या नाकाला काय कुंकू लावतेस दरसाल? चाकाला लाव. जमिनीला टेकतं ते चाकच ना, बाई?"

डाव्या चाकावर स्वस्तिक काढलं. तेल आत ओघळलं. पुसून घेऊ म्हणत होते, तेवढ्यात लोधीपुऱ्यातून, घरून, सासूबाईंचा फोन. "पोरगी बाटली तोंडात घेईना." माझा कुर्ता तर आधीच दुधानं भिजला होता. विमान उडायला ठीक असल्याची सही सकाळीच करून ठेवली होती. स्कूटी काढली आणि घर गाठलं.

तिला पाजून परतले, तर विमान धावपट्टीच्या उजवीकडे गवतात तिरकं उभं. चार हातांवर केळीची बाग. मोनाली खाली बसलेली, खकनारची, एकोणीस वर्षांची. तिचं हे दुसरंच एकटीचं उड्डाण.

"उजव्याच पायाचा ब्रेक दाबलास," उडायला शिकवणारे गजानन सर ओरडत होते. "घाबरलीस! विमान शिकायचंय का बापाचा ट्रॅक्टर बागेत घालायचाय? एकटीनं उडणं बंद."

"दोन्ही दाबले, सर. कसम से. डावा लगाच नहीं."

मी चाकाशी वाकले. ब्रेकची चकचकीत डिस्क लालसर, तेलकट. ब्रेक धरणार कसा? कोणी पाहिलं नव्हतं. फडकं माझ्या हातातच होतं, एकदा फिरवलं की संपलं.

"मोनाली," मी हळूच विचारलं, "उडायच्या आधी चाकं तपासलीस ना? शेंदूर दिसला नाही?"

"दिसला ना, ताई. मी नमस्कार केला त्याला."

हसू आलं आणि रडूही. इतकी थकले होते, की खोटं सांभाळायची ताकद नव्हती. फडकं खिशात घातलं.

"सर, इकडं या. हिची चूक नाही. माझी आहे."

सरांनी डिस्कवर बोट फिरवलं, लाल झालेलं बोट रुमालाला पुसलं. मग म्हणाले, "वैजयंती, चौकशी होईल. तोवर तुझी सही चालणार नाही." आणि मोनालीकडे न बघता, "ब्रेक साफ झाले की उद्या तू परत उडशील. डोळे पूस."

संध्याकाळी सासूबाईंनी वाटी घासायला घेतली. "लावलास ना चाकाला?"

"लावला, आई."

"मग? उतरलं ना नीट?"

"उतरवलं. मोनालीनं."

छकुलीला कुशीत घेतलं. तिच्या टाळूला माझं बोट लागलं आणि पुसट लाल डाग उमटला. पुसायला हवा होता. पण ती झोपली होती, आणि मीही.