सुखतळ्याला पाडलेलं भोक

हॉस्पिटलातून बायको गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या बुटाला टाच ठोकत होतो. आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनीच म्हटलं होतं, "घरी जा, आंघोळ करा, थोडं दुकान उघडा." फोन ठेवला आणि उरलेले दोन खिळे ठोकले. का ठोकले, मला विचारू नका.

दुपारपासून माणसं यायला लागली आणि माझं डोकं फिरायला लागलं. समोरचा चष्मेवाला म्हणाला, "वहिनींची प्रतिकारशक्तीच कमी पडली हो." वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "धड जेवायचीच नाही ती." चुलतभावाने तर मोबाइल काढून ताकदीच्या कसल्याशा गोळ्या दाखवल्या. माणूस गेल्यावर!

कमी नव्हती हो. किती जणांना सांगू? तीस वर्षं माझ्यासमोर बसून तिने बूट शिवले. तिची सर्दी कधी तिसरा दिवस बघायची नाही. अंथरूण धरायचो तो मी.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नीट समजावलं होतं. शरीरात पहारा करणाऱ्या पेशी असतात. त्यांनी आपल्याच माणसांवर हात उगारू नये म्हणून शरीराने एक खूण ठरवलेली असते. ती दिसली की पहारेकरी थांबतात. तिला झालेल्या त्वचेच्या कर्करोगाची पेशी तीच खूण अंगावर मिरवते. बायकोच्या गाठीचा तुकडा तपासला तेव्हा पहारेकरी आत पोचलेले दिसले. पोचले होते, नुसते उभे होते. मग सलाइनमधून औषध दिलं, त्या खुणेचा उपयोग होऊ न देणारं. पाच महिने गाठी आटल्या. आम्ही खूश. मग कर्करोगाच्या पेशींनी दुसरा डाव टाकला. ज्यावरून पहारेकरी त्यांना परकं म्हणून ओळखत होते, ते बाहेर दाखवायचंच बंद केलं.

"म्हणजे तोंडच झाकून घेतलं?" मी विचारलं.

"तसंच समजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बायको म्हणाली, "भारीच हुशार आहेत. शेवटी माझ्याच ना." आणि हसली. मला तेव्हाही हसू आलं नाही.

पंधरा दिवसांनी धाकटी मेहुणी दुकानात आली. ती टपाल वाटते, दिवसभर पायी. बहिणीबहिणींचा पाय एकाच मापाचा, म्हणून एकाच लाकडी साच्यावर मी दोघींचे बूट करत आलो. तिने डावा बूट काढून माझ्यापुढे ठेवला.

"भाऊजी, ताईच्या बुटाला केलं होतंत ना, तसं आतल्या सुखतळ्याला भोक पाडून द्या. टाचेखाली टोचतंय."

मी कातडं कापायची रापी बाजूला ठेवली.

"मोजा काढ."

"अहो, कुरूप आहे."

"काळं आहे का?"

"असेल. मला काय माझी टाच दिसते? मान वळवून बघायला मी घुबड आहे?"

"उद्या डॉक्टरकडे जायचं."

"झालं सुरू! अहो, बारा वर्षांत आजारपणाची एक रजा नाही माझी. ऑफिसात सगळे खोकतात, मी ठणठणीत. ताईची गोष्ट वेगळी, तिची मुळात प्रतिकारशक्तीच..."

"बास!" मी एवढ्या जोराने ओरडलो की समोरून चष्मेवाला डोकावला. "तिची चांगली होती! तुझीही असेल, लोखंडी असेल! त्याचा उपयोग काय, पहारेकरी फसले तर? तुम्हाला कोणालाच कसं कळत नाही?"

"ओरडू नका. चालताना दुखतंय, भोक पाडताय की दुसरीकडे जाऊ?"

ती बूट उचलायला लागली. भोक कोणीही पाडून दिलं असतं. पाच मिनिटांचं काम. मी बुटावर हात ठेवला. जे हॉस्पिटलात सांगितलं नव्हतं, ते सांगावंच लागलं.

"तुझ्या ताईच्या टाचेखालचा डाग पहिल्यांदा मी पाहिला. तिने नाही."

ती थांबली.

"तेव्हा तिला नवे बूट केले होते, आत काळं अस्तर. मला वाटलं, रंग सुटला. माझ्या कामाचा रंग सुटतो म्हणजे लाजच. मी स्पिरिटने टाच घासली. नाही गेला. म्हटलं, कातडीत मुरलाय, जाईल. अस्तर काढून बिनरंगाचं लावलं. आठ महिन्यांनी डाग जाड झाला, टोचायला लागला. म्हटलं, कुरूप. आणि सुखतळ्याला भोक पाडलं. तिला चालायला बरं वाटलं ना, म्हणून आणखी तीन महिने गेले. डॉक्टरांना सांगितलं, नुकताच दिसला."

मेहुणी स्टुलावर बसली. माझ्याकडे बघेना.

"अकरा महिने?"

"हो."

"आणि परगावी बसून लेक तुमची रोज मला फोन करून रडते, की सुट्टीत आली होती तेव्हा आईचे पाय चेपले आणि तरी डाग दिसला नाही! तिला माहीत आहे हे?"

"नाही."

"शहाणेच आहात."

तिने मोजा काढला, पाय माझ्या मांडीवर आपटला म्हणायला हरकत नाही. मी दिवा जवळ घेतला. टाचेखाली, कडेला डाग होता. डाळीच्या दाण्याएवढा, एका बाजूला काळा, एका बाजूला तपकिरी, कडा वेडीवाकडी. मी स्पिरिटच्या बाटलीला हात लावला नाही.

"गुरुवारी चला," ती म्हणाली. "तुम्हीच चला बरोबर. आणि डॉक्टरीणबाईंना पहिल्यापासून खरं सांगा, तोंडातल्या तोंडात नाही. लेकीलाही तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही."

गुरुवारी गेलो. सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, त्याचाच मला राग आला. मेहुणीच्या टाचेचा तुकडा काढून तपासायला पाठवलाय. बाहेर पडताना तिने लंगडत मला विचारलं, "तुमचे स्वतःचे पाय कधी बघितलेत?"

तिचा बूट दुकानात आहे, भोक न पाडलेला. तपासणीचं उत्तर अजून यायचं आहे. लेकीचा फोन काल आला होता, आजही आला. तिला मी अजून सांगितलेलं नाही.