चारशे दहा ग्रॅमची चटई

मित्रांनो, मी एक जुनी फोमची चटई आहे. लांबी सहा फूट, जाडी बोटभर, वजन चारशे दहा ग्रॅम. वजन सांगायचे कारण असे, की ज्या घरात माझा जन्म गेला तिथे प्रत्येक वस्तूची ओळख वजनानेच व्हायची.

फ्रिजच्या खोक्यात घालायचा फोम बनवणाऱ्या कारखान्यात मी तयार झाले. कडेला एक गाठ राहिली म्हणून आमचा अख्खा तुकडा बाजूला फेकला गेला. तो एका औषध दुकानदाराने उचलला, मधोमध कापला आणि त्याच्या दोन चटया केल्या. एक स्वतःला, एक लेकीला. सुट्टी मिळाली की बापलेक पाठीवर सॅक टाकून डोंगरात जायचे. लेक शाळेत चित्रकला शिकवायची. चालायला भारी संथ, म्हणून बाबा तिला 'कासव' म्हणत. तिने पहिल्याच दिवशी माझ्या कोपऱ्यात काळ्या शाईने एक कासव काढले. तेव्हापासून मी तिची झाले.

अकरा वर्षे मी तिच्या अंगाखाली झोपले. खडे सोसले, काटे सोसले, ओल तर नेहमीचीच. तक्रार कधी केली नाही, आणि केली असती तरी ऐकणार कोण? एकदा कडाक्याच्या थंडीतून परत आल्यावर ती आईला म्हणाली, "बाकी काही विसरले तरी चालेल, ही चटई नाही विसरायची." त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षे काढली.

मग बाबांचा गुडघा दुखू लागला. पाठीवरचे वजन कमी करा, असे डॉक्टर म्हणाले आणि बाबांनी ते फारच मनावर घेतले. गोळ्या मोजणारा माणूस तो. स्वयंपाकघरातला वजनकाटा त्यांनी कायमचा हॉलमध्ये आणून ठेवला. दात घासायच्या ब्रशचा दांडा कापला, टॉवेल अर्धा केला, शर्टांच्या आतल्या लेबलच्या पट्ट्यासुद्धा उसवल्या. आई म्हणाली, "आता नखं कापून जा, तेवढंच हलकं." बाबा हसले नाहीत. "थेंबे थेंबे तळे साचे," म्हणाले.

एके दिवशी ते हॅमॉक घेऊन आले. दोन झाडांना बांधायची पातळ कापडाची झोळी, मुठीत मावेल एवढी. एक त्यांना, एक लेकीला. तंबू त्याच आठवड्यात कुणाला तरी देऊन टाकला. माझ्या जुळ्या बहिणीची पायपुसणी झाली. "जमिनीवर पाठ टेकवायचीच नाही, तर चटई हवी कशाला?" बाबांचा सवाल बिनतोड वाटत होता. उन्हाळ्यात दोघे त्या झोळ्यांत झोपून आले. खडे नाहीत, मुंग्या नाहीत, गुडघ्याला आराम. बाबा खूश होते. गरज सरो, वैद्य मरो, असे मी मनात म्हटले आणि दारामागे उभी राहिले.

पण हवा गार झाल्यावर दोघे एक रात्र राहून आले, तेव्हा लेक कुरकुरली. "बाबा, पाठ गार पडते हो. स्लीपिंग बॅग अंगाखाली दबून चपटी होते, तिच्यात ऊब राहतच नाही. मी झोळीत चटई घालणार."

"सवय होईल गं," बाबा म्हणाले.

पुढची वाट उंचावरची होती, तीन दिवसांची. लेक नुकतीच तापातून उठली होती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने मला जमिनीवर पसरले, लोकरीचे मोजे मध्ये ठेवले, घट्ट गुंडाळून पट्टीने बांधले आणि सॅकच्या पट्ट्यांत अडकवले. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू.

सकाळी ती अंघोळीला गेली. बाबांनी तिची सॅक काट्यावर ठेवली. आकडा पाहून त्यांनी मान हलवली, मग एकदा न्हाणीघराच्या दाराकडे पाहिले. हलक्या हाताने त्यांनी मला सोडवले आणि कपाटामागे सरकवले. सॅकवर पावसाचे कव्हर चढवले, म्हणजे तिला दिसायला नको. "तापातून उठलीये, तेवढेच खांदे वाचतील," असे पुटपुटले. मी खोटे बोलणार नाही, त्यांनी ते मायेनेच केले. मला फक्त ओरडता येत नव्हते.

चौथ्या दिवशी बाबा एकटे घरी आले.

हॉलमध्ये माणसे बसली होती. बाबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. पहिल्याच दिवशी ओढ्यात पाय घसरून ती नखशिखान्त भिजली. वर वारा सुटला होता. कोरडे कपडे घातले, स्वतःचीही स्लीपिंग बॅग तिच्यावर पांघरली, तरी तिची थरथर थांबेना. पहाटे ती असंबद्ध बोलू लागली, तेव्हा ते लंगडत खाली मदत आणायला गेले. माणसे वर पोचली तोवर सगळे संपले होते.

ओळखीचे डॉक्टर हळूच म्हणाले, "वरून कितीही पांघरलं तरी झोळीत वारा खालून लागतो. पाठीखाली काही असतं तर..."

आईने मान वर केली. "ती चटई नेणार होती ना?"

"नको म्हणाली," बाबा म्हणाले. "जड होते म्हणाली."

खरे काय ते कपाटामागे मला ठाऊक होते. मला त्या माणसाचा राग आला, आणि कीवही आली.

दोन महिने मी तिथेच धूळ खात होते. मग एका दुपारी आईने झाडताना कपाट ओढले. कोपऱ्यातल्या कासवावरची धूळ तिने बोटाने पुसली. पट्टी सोडून मला उलगडले, तसे मोजे घरंगळत तिच्या पायाशी आले.

बाबा दारात उभे होते.

"नको म्हणाली होती ना?" आईने विचारले.

बाबा खाली बसले. म्हणाले, "मी काढली. तिला न सांगता." मग म्हणाले, "त्या रात्री तिनं विचारलं, बाबा, माझी चटई कुठंय? मी म्हटलं, घरी राहिली."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, राहू दे. तुमचा गुडघा दुखतोय का?"

आईने मोजे उचलले, पुन्हा माझ्यात ठेवले आणि मला गुंडाळून लेकीच्या खोलीत नेले. आता मी तिथे असते. बाबा रोज एकदा दारापर्यंत येतात, आत येत नाहीत.

मित्रांनो, ओझे जरूर कमी करा. पण दुसऱ्याच्या पाठीवरचे काही उतरवायचे असेल, तर आधी त्याला विचारा. मायेने उतरवणार असाल, तर दोनदा विचारा. ती न्हाणीघरात होती. पाच मिनिटांत बाहेर आली असती.