ग्रिलमधली रेंज

२००३ साली बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये लँडलाइन हॉलमध्ये होता, आणि हॉलमध्ये बाबा असायचे. फोन वाजला की ते टीव्हीचा आवाज कमी करत. आमच्या सोयीसाठी, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून संकेतचा फोन येणार होता तेव्हा मी शेजारच्या परेशदादाचा मोबाइल मागून घेतला. संकेतचं स्थळ सगळ्यांना पसंत होतं, मलाही. पण मला पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. लग्नासाठी संकेत दोन वर्षं थांबेल का, हे बाबांना कळायच्या आत विचारायचं होतं.

दुपारी मी मोबाइल घेऊन घरभर फिरून पाहिलं. हॉलमध्ये रेंजची एक दांडी, बेडरूममध्ये तीही नाही, देव्हाऱ्यापाशी दोन, पण त्या येत-जात राहायच्या. पूर्ण रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये, कांद्यांच्या टोपलीशेजारी. संध्याकाळी मी तिथे चढून बसले.

"स्वप्ना, आवाज तुटतोय," संकेत म्हणाला.

"मला पुण्याला शिकायला जायचंय," मी हळूच म्हणाले.

"काय?"

तिसऱ्यांदा सांगताना मी जवळजवळ ओरडलेच. "दोन वर्षं. तू थांबशील का?"

खालच्या मजल्यावर चंद्रकांताकाकूंनी भांडी घासायची थांबवली. समोरच्या विंगमध्ये वाळत घातलेले कपडे काढणारे हात थबकले.

"घरी विचारून सांगतो," संकेत म्हणाला. एवढं मात्र मोबाइलमधून स्वच्छ बाहेर आलं.

"घरी कशाला? ती तुला विचारतेय," खालून काकू म्हणाल्या.

"हे कोण?"

"खालच्या काकू."

"त्या पण लाइनवर आहेत?"

"खिडकीत आहेत."

तेवढ्यात हॉलमध्ये लँडलाइन वाजला. टीव्हीचा आवाज कमी झाला. समोरच्या विंगमधून बाबांना अभिनंदनाचा फोन होता.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. "अख्ख्या सोसायटीला माहीत. मी फक्त फी भरायची का?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

"मला विचारलंस कधी? तो काय म्हणतोय?"

"अजून काहीच नाही."

त्यांनी मोबाइल घेतला आणि माझ्याशेजारी ग्रिलमध्ये डोकं घातलं. "संकेतराव, मी हिचा बाबा. पोरगी पुण्याला जाणार, ते नक्की. तुमचं थांबायचं जमतंय का, तेवढं बोला." मग बराच वेळ नुसतं "हं… हं."

"काय म्हणाला?" काकूंनी माझ्याआधी विचारलं.

"थांबतो म्हणाला. आता खिडकी लावा वहिनी, तिला बोलू दे."

काकूंनी खिडकी लावली. अर्धी.