आधी रंग, मग आख

माझे दोडप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ गुरुसिद्धप्पा, दर संक्रांतीला गड्ड्याच्या मैदानावरच्या जत्रेत रहाटपाळणा उभा करत. मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन परतलो त्या वर्षी भाद्रपदात त्यांनी आपणहून मला विचारले, की या पाळण्याचे काय करावे. आदल्या जत्रेत हुबळीकडून एक घोड्यांची चक्री आली होती. तिच्या पत्र्याच्या घोड्यांना आरसे लावलेले होते. पोरे सगळी तिकडे पळाली आणि आमचा पाळणा निम्मा रिकामा फिरला. दोडप्पांना ते फार लागले होते.

मी परसातल्या छपराखाली जाऊन एकेक भाग तपासला. सांगाडा जुना असला तरी धड होता. मात्र आख, म्हणजे ज्या आडव्या सोटावर सगळा पाळणा फिरतो तो, एका टोकाला चिरला होता. चिरेत दोडव्वाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीच्या, चंद्रव्वाच्या अंबाड्याचा आकडा घातला तर तो पुरता आत गेला. ठोकून पाहिले तर त्या टोकाला पोकळ आवाज येई. मी दोडप्पांना सांगितले, की आधी आख बदला आणि मग रंग द्या. आणि आताच बदला, कारण बाभळीचे लाकूड सावलीत वाळायला वेळ लागतो. शिवाय सुतार आता मोकळा आहे, दिवाळीनंतर तो उसाच्या गाड्यांच्या दुरुस्तीत अडकेल.

त्यांनी मान डोलावली. गणपती जाऊ दे म्हणाले. गणपतीनंतर पितृपंधरवडा, त्यात लाकूड तोडू नये. मग दसरा आला, मग दिवाळी. दिवाळीनंतर कोंडीबा सुताराने संक्रांतीपर्यंत हात रिकामा नाही असे कळवले, तेव्हा दोडप्पा सुटल्यासारखे हसले. एक वर्ष पाळणा उभाच करू नका असेही मी सुचवले. त्यावर ते म्हणाले, की गड्ड्यावरची जागा एकदा सोडली की गेली. पुढच्या वर्षी तिथे चक्रीवाला दिसेल. हे मात्र खरे होते, आणि खरे असल्यामुळे मला जास्तच राग आला.

रंगाचे काम तेवढे वेळेवर झाले. एका हौशी रंगाऱ्याने प्रत्येक पाळण्याच्या दोन्ही अंगांना पंख काढले, पुढे पंखा काढला, आणि आमचे आठही पाळणे विमाने झाली. मी पुन्हा आखाचा विषय काढला.

"आख कुणाला दिसतो, ईश्वरा?" दोडप्पा म्हणाले. "मानूस रंग बघून येतो की. आख बघून कोन आलाय आजपातुर?"

माणसे आली. एवढी आली, की चक्रीवाला आपले घोडे सोडून आमच्याकडे बघत उभा राहिला. पण मला धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीने. आजवर पाळण्यात पोरे बसत. विमान म्हटल्यावर मोठी माणसे बसू लागली. नवी पेठेतले कापडवाले पागोटी सावरत चढले, माळशिरसकडचे धिप्पाड शेतकरी तिघे-तिघे एका पाळण्यात बसले. म्हणजे रंगाने पाळणा सजवला नव्हता, त्याच्यावरचा भार वाढवला होता.

रोज सकाळी पाळणा सुरू होण्याआधी मी शिडी लावून आखाच्या चिरेवर चुन्याची पट्टी ओढत असे. संध्याकाळपर्यंत ती तुटलेली असे. म्हणजे चीर उघडमीट करत होती. तुलना करता यावी म्हणून दुसऱ्या, धड टोकालाही तशीच पट्टी ओढली होती. ती अखंड राहिली. दोडप्पांना शिडीवर चढवून मी दोन्ही दाखवल्या.

"चुना हाय. वाळला की तडकनारच."

मी म्हणालो, तिकडचाही चुनाच आहे.

"तितला नीट भिजला असंल." ते खाली उतरले आणि पाळणा ढकलणाऱ्या धुळाला म्हणाले, "आमच्या बी.एस्सी.ला पान दे रं. चुना लई आवडतोय त्यास्नी."

धुळा हसला. दिवसभर जो भेटेल तो मला चुन्याचे विचारू लागला. पुरावा म्हणतात तो यापेक्षा स्वच्छ कसा असतो हे मला अजूनही सुचत नाही. त्या संध्याकाळी मी घरी जेवलो नाही.

जत्रेतल्या देवाच्या लग्नाच्या अक्षता पडल्या त्या दुपारी दोडव्वा मैदानावर आली. आयुष्यभर तिने तो पाळणा घरात सुटा पडलेला पाहिला होता, पण बसली नव्हती. पोरांचा खेळ म्हणून. आता विमानात बसायचे म्हणाली. नवे इरकल लुगडे नेसली होती. धुळाने एक पाळणा खाली आणून धरला.

"तू नगं," दोडप्पा म्हणाले.

तिने का म्हणून विचारले.

"तुला चक्कर येती."

"मला कदी आली चक्कर?"

"येईल की. हितं बस, शेंगा खा."

ते तिच्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर वर, आखाच्या त्या टोकाकडे गेली आणि लगेच परत आली. मी ती पाहिली. इतके महिने मी ज्यांना पटवत होतो त्यांना भाद्रपदापासून पटलेलेच होते. आकडा, ठोके, चुना, सगळे वाया. मला ओरडावेसे वाटले. पण मी दोडव्वाला एवढेच म्हणालो, की आख चिरला आहे आणि दोडप्पांना ते माहीत आहे.

तिने नवऱ्याकडे पाहिले. मग रांगेत उभ्या असलेल्या बायका-पोरांकडे पाहिले. ती पाळण्यात जाऊन बसली आणि दांडी धरली.

"फिरव, धुळा," ती म्हणाली.

धुळा दोडप्पांकडे बघू लागला. रांगेतून कोणीतरी घाई करू लागले. दोडप्पांचा हात खांबावर होता. तो त्यांनी काढलाच नाही.

"उतर," ते हळूच म्हणाले.

"मी उतरले तर ही बायापोरं चढनार. तुमी सांगा कुनाला चढवायचं ते."

मग दोडप्पांनी पागोटे काढून घाम पुसला आणि रांगेला सांगितले, की पाळणा बंद. आठही पाळणे सोडवून आखही खाली उतरवायला लावला.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण ते पाळणे जमिनीवर ओळीने ठेवल्याबरोबर लोक त्यांत जाऊन बसले. कोणी उठेना. तासाभरात दोडप्पांनी नवी पेठेतल्या एका फोटोवाल्याला त्याच्या पेटीसकट आणले, मागे निळा पडदा बांधला, आणि विमानातल्या फोटोसाठी फिरत्या पाळण्यापेक्षा लांब रांग लागली. न फिरणारा पाळणा जास्त चालला. यावर काय म्हणावे मला कळेना. दोडप्पांना कळले.

"बघ, आख लागतोय कशाला? फुडच्या वर्साला हाच बसवू परत. तवर वाळंल बी."

तो वाळून तीस वर्षे झाली होती, हे मी सांगितले नाही. मी कोंडीबाकडून दोघांनी ओढायची करवत मागून आणली आणि पडद्यामागे पडलेल्या आखाला, चिरलेल्या टोकाशी, लावली. एकट्याला ती ओढता येईना. दोडव्वा आली, इरकलाचा पदर खोचला आणि समोर बसून दुसरी मूठ धरली. थोड्याच वेळात करवत सैल चालू लागली. खाली भुसा नव्हे, तपकिरी पूड सांडत होती.

तुकडा पडल्याचा आवाज ऐकून पडद्यापलीकडून दोडप्पांनी विचारले, की कितपत कुजला होता.

"निम्मा," मी म्हणालो.



"मग निम्मा चांगला होता की," ते म्हणाले.